नऊ पिनांचा प्रिंटर मोडीत घालण्याआधी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या मामांचं अडतीचं दुकान आहे. हळदीचे सौदे सुरू झाले की दिवसभर पट्ट्या निघत असतात. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम, असा सगळा हिशोब त्या पट्टीवर असतो. ती तीन प्रतींत लागते, आणि तिन्हीवर आकडा एकच आहे याची शेतकऱ्याला खात्री लागते. डॉट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पिनांनी ठिपके उमटवून छापणाऱ्या प्रिंटरमध्ये, पिन शाईच्या रिबनवर ठोका मारते आणि तोच दाब कार्बनमधनं खालच्या कागदांवर उतरतो. लेसर किंवा इंकजेटमध्ये कागदावर ठोकाच पडत नाही, त्यामुळं तीन प्रती म्हणजे तीन वेगवेगळे प्रिंट. मालाच्या जीएसटी बिलालाही नियमानं तीन प्रती लागतात : मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडं. म्हणून यार्डात, वजनकाट्यांवर, पतसंस्थांत ही यंत्रं अजून खडखडत आहेत.

धागा काढायचं कारण असं. "आता मेला, भंगारात द्या" म्हणून बाजूला ठेवलेले बरेच प्रिंटर मी यार्डात आणि गणपती पेठेत उघडून बघितलेत. त्यातला खरोखर वयानं गेलेला क्वचितच निघतो. वाळलेली रिबन, धूळ, हेड (पिना बसवलेला छापणारा भाग) आणि रोलरमधलं चुकीचं अंतर, नाहीतर तुटलेली हेड केबल, याच चार गोष्टी फिरून फिरून सापडतात. चांगलं यंत्र असं फेकलेलं बघवत नाही.

आधी रिबनबद्दल सविस्तर, कारण निम्मं आयुष्य तिच्यावर आहे. रिबनची शाई अक्षर तर उमटवतेच, पण पिनांना वंगणही तीच देते. तेलकट शाईचा पातळ थर पिनांच्या टोकांवर सतत चढत राहतो. रिबन कोरडी पडली की पिना नायलॉनच्या कोरड्या कापडावर घासतात, टोकं झिजतात, आणि ज्या बारीक भोकांतनं त्या बाहेर येतात तिथं कापडाचं तूस आणि वाळलेली शाई साठते. त्यामुळं "अजून वाचता येतंय की" म्हणून तीच रिबन महिनोन्‌महिने ओढणं महागात पडतं. रिबन शे-दीडशेत येते, हेड हजारांत जातं.

रिफिल करत असाल तर दोन गोष्टी बघा. काही कार्ट्रिजमध्ये रिबनची टोकं एक पीळ देऊन जोडलेली असतात. एका फेरीत वरची कड वापरली जाते, दुसऱ्या फेरीत खालची. तो पीळ न देता जोडली तर रिबनची निम्मी रुंदी कोरीच राहते. दुसरं म्हणजे सांधा. तो बोटानं चाचपून बघा. जाड, खरखरीत सांध्यात पिन अडकते, रिबन फाटते आणि कधी पिन वाकते.

शिक्क्याच्या पॅडची शाई रिबनवर कधीही ओतू नका. ती बहुधा पाणी आणि ग्लिसरीनवर केलेली असते. सुरुवातीला अक्षर झकास काळं दिसतं, मग पिना चिकटायला आणि गंजायला लागतात.

आता अंतर. हेडच्या बाजूला किंवा झाकणाखाली एक छोटी खटकी असते, कागदाच्या जाडीप्रमाणं ती सरकवायची. एकेरी कागदाला हेड जवळ, तीन-चार प्रतींच्या सेटला लांब. हेड लांब राहिलं तर अक्षर फिकट येतं आणि लोक रिबन बदलतात. फार जवळ राहिलं तर रिबन कागदावर घासून काळे पट्टे उठतात, आणि जाड सेटच्या सांध्यावर पिना आदळतात. यार्डात सकाळी पट्टीचे सेट आणि संध्याकाळी साधा रिपोर्ट एकाच प्रिंटरवर निघतो, पण खटकी हलवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. मामांच्या दुकानात मी झाकणावरच चिठ्ठी चिकटवली आहे : "सेट – ३, साधा – १". तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असतील, मॅन्युअलमध्ये बघा.

धुळीचं म्हणाल तर आमची धूळ पिवळी. कॅरेज, म्हणजे हेड वाहून नेणारा भाग, ज्या रॉडवरनं सरकते त्यावरचं तेल आणि हळदीची पूड मिळून उटण्यासारखा लेप बसतो. कॅरेज जड होते, मोटर ताणली जाते, उभ्या रेषा वाकड्या येतात, आणि शेवटी कॅरेज मध्येच थांबून प्रिंटर बीप देतो. प्लग काढा, हेड गार होऊ द्या, कॅरेज हातानं एका टोकाला न्या. सुती कापडावर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन रॉड पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. मग पातळ मशीन तेलाचे एक-दोन थेंब, कॅरेज इकडून तिकडं फिरवायची आणि जादाचं तेल पुसून टाकायचं. ग्रीस नको, ते धूळ धरून ठेवतं. खोबरेल तर अजिबात नको. जानेवारीच्या सकाळी ते गोठतं आणि कॅरेज जागची हलत नाही. असले प्रिंटर दरवर्षी थंडीत हमखास येतात.

रबरी रोलरला थिनर, पेट्रोल लावू नका, रबर चिरतं. ओल्या कापडानं पुसायचं, हट्टी डाग असेल तर साबणाचं पाणी.

आणखी एक, अगदी कळकळीनं. प्रिंटर चालू असताना रोलरची मूठ हातानं फिरवू नका. आतली मोटर रोलर धरून ठेवत असते, तुम्ही फिरवलं की दात्यांचं चाक जातं. कागद पुढं-मागं करायला बटणं दिली आहेत. आणि चिकट लेबलांचा रोल उलट्या दिशेनं कधी ओढू नका. एखादं लेबल निघून रोलरखाली बसलं तर अख्खा प्रिंटर खोलावा लागतो.

हेड, पोर्ट, कागदाची लांबी यावर प्रतिसादांत बोलू. अनुभव असतील ते सगळ्यांनी लिहा.


मिरज_जंक्शन

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. थोडी इतिहासाची भर. सेंट्रॉनिक्सचा मॉडेल १०१ हा १९७० चा. ज्या छत्तीस पिनी कनेक्टरला आपण आजही "सेंट्रॉनिक्स" म्हणतो ते नाव तिथनं आलं. १९८० मध्ये एपसनचा एमएक्स-८० आला, आणि नऊ पिनांचा स्वस्त, टिकाऊ प्रिंटर टेबलावर बसला. आयबीएमनं १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा सोबत विकलेला प्रिंटर हा एमएक्स-८० च होता, नाव तेवढं आयबीएमचं. त्यातनं एपसनच्या आज्ञा इतक्या रुळल्या की पुढं बहुतेक कंपन्यांनी आपल्या प्रिंटरांना त्याच शिकवल्या. आपल्याकडं विप्रोच्या नावानं मिळणारा एलएक्स-८०० आणि टीव्हीएसचे एमएसपी ज्यांनी हाताळलेत त्यांना हे लगेच पटेल. एका प्रिंटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा.


बेदाणा

नमस्कार कृष्णाकाठ दादा. तासगावात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. गेटपासच्या प्रत्येक अक्षरात आडवी पांढरी रेघ यायला लागलीय, अक्षराच्या मधोमध. रिबन नवीन टाकली, रेघ तशीच. दुरुस्तीवाला म्हणाला हेड गेलं, नवीन टाका. किंमत ऐकून मालक नवा प्रिंटरच घेऊ म्हणायलेत. खरंच हेड गेलंय का?


कृष्णाकाठ

बेदाणा, थांबा, हेड इतक्यात घेऊ नका.

पांढरी रेघ सगळ्या अक्षरांत एकाच उंचीवर असेल तर एक पिन काम करत नाही, इथवर नक्की. पण पिन न मारण्याची कारणं चार : पिन भोकात चिकटली, पिन तुटली, तिला हलवणारी तारेची कॉइल गेली, किंवा तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. शेवटच्या कारणात हेडचा काहीच दोष नसतो.

आधी कॉम्प्युटरची केबल काढा आणि प्रिंटरची सेल्फ टेस्ट घ्या. बऱ्याच मॉडेलांत लाइन फीडचं बटण दाबून धरत प्रिंटर चालू केला की ड्राफ्ट अक्षरांत टेस्ट निघते. ड्राफ्टमध्येच घ्या. चांगल्या अक्षराच्या मोडमध्ये नऊ पिनी प्रिंटर कागद किंचित सरकवून त्याच ओळीवरनं दुसऱ्यांदा जातो, आणि त्या दुसऱ्या फेरीत मेलेल्या पिनेची जागा थोडीफार भरून निघते. दोष झाकला जातो. टेस्टमध्ये इंग्रजी मोठा एच शोधा. त्याची उभी दांडी वरच्या सात पिनांनी उमटते, त्यामुळं कितवी पिन गैरहजर आहे ते भिंगातनं मोजता येतं. आठवी-नववी पिन गेली तर जी, वाय यांच्या शेपट्या तुटतात आणि अधोरेषा नाहीशी होते. ते कित्येक दिवस कुणाला कळतही नाही.

तुमची मधलीच गेली आहे याचं मला नवल वाटत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये तक्त्याच्या आडव्या रेषा म्हणजे ओळभर डॅश असतात, आणि डॅश उमटवते ती मधली एकटी पिन. गेटपासावर अशा चार रेषा असतील तर तिचे ठोके इतरांपेक्षा किती जास्त होतात बघा. प्रोग्रॅम लिहिणारा हाताशी असेल तर रेषा कमी करायला सांगा, नाहीतर छापील फॉर्म घ्या.

हेड काढून टोक भिंगाखाली बघा. आठ पिना दिसतात आणि एका भोकात काळा गोळा, असं असेल तर ती चिकटलेली आहे. बशीत घडी घातलेलं सुती कापड ठेवा, त्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि हेडचं फक्त नाक त्यावर टेकवून थोडा वेळ ठेवा. अख्खं हेड बुडवायचं नाही, कॉइलच्या वार्निशला आणि आतल्या गोंदाला ते मानवत नाही. कापडावर शाई उतरत राहील, जागा बदलत राहा. मग पूर्ण वाळू द्या. वाळल्याशिवाय जोडू नका, अल्कोहोल पेट घेतं. नवी ओलसर रिबन लावून ड्राफ्टमध्ये पानभर टेस्ट मारा. चिकटलेली पिन असेल तर बहुधा मोकळी होते.

नाही झाली तर लिहा, पुढचं सांगतो.


पेठेतला_कारागीर

कृष्णाकाठ बरोबर सांगताहेत. मी दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, म्हणून एक इशारा, आणि हा सगळ्यांसाठी.

नवं हेड लावायच्या आधी ड्रायव्हर तपासा. प्रत्येक पिनेच्या कॉइलला बोर्डावरचा एक ट्रान्झिस्टर, किंवा आयसीतला एक भाग, क्षणभर वीज देतो आणि तोडतो. तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर वीज तोडलीच जात नाही. कॉइल सतत तापत राहते आणि जळते. अशा बोर्डावर नवं हेड लावलं की तेही चालू करताक्षणी जातं. उलटंही होतं : कॉइल आतल्या आत शॉर्ट झाली तर ती ड्रायव्हरला घेऊन जाते. म्हणून दोन्ही बघायचं, दर वेळी.

पद्धत सोपी आहे. हेड सुटं करा. मल्टिमीटर ओहमवर लावून कॉमन आणि प्रत्येक पिनेच्या टोकामधला रोध मोजा. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे सारखे आहेत का हे महत्त्वाचं. आठ सारखे आणि एक अनंत, तर ती कॉइल तुटली. एक बराच कमी, तर शॉर्ट. सगळे सारखे, तर हेड विजेच्या बाजूनं ठणठणीत आहे, हेडकडं बोट दाखवू नका. मग हेड केबल बघा, मग बोर्ड.

हेड केबल ही पातळ प्लास्टिकची पट्टी असते आणि दर ओळीला ती इकडून तिकडं जाते. ठरलेल्या जागी वाकून वाकून आतला एखादा तांब्याचा पट्टा चिरतो. बाहेरनं काही दिसत नाही. केबलची दोन्ही टोकं काढा, मल्टिमीटर बीपवर लावा, आणि मोजताना केबल वाकवत राहा. सरळ धरल्यावर बीप देते आणि वाकवल्यावर गप्प होते, ती गेली. ओळीच्या डाव्या अर्ध्यात पिन मारते आणि उजवीकडं मारत नाही, असं दिसलं तर पहिला संशय केबलवरच घ्या.


विश्रामबागकर

दादा, मी एका पतसंस्थेत आहे. आमच्याकडं दोष नाही, पण एक त्रास आहे. रोजचा रिपोर्ट काढताना पहिलं पान बरोबर येतं, दुसरं थोडं वर सरकतं, तिसरं अजून वर. शेवटी मजकूर घडीवर येतो. कुणी तरी पानापानाला बटण दाबून सरळ करत बसावं लागतं. ट्रॅक्टर (कागदाच्या भोकांत दाते घालून तो ओढणारा भाग) बदलून झाला.


कृष्णाकाठ

ताई, ट्रॅक्टरचा काही संबंध नाही. तुमचा कागद बारा इंची आणि प्रिंटरला वाटतंय तो अकरा इंची.

इंचाला सहा ओळी धरल्या तर अकरा इंचात ६६ ओळी बसतात आणि बारा इंचात ७२. आपल्याकडं १० बाय १२ चा भोकाचा कागद सर्रास मिळतो. प्रिंटर ६६ ओळींनंतर पान संपलं समजतो आणि दर पानाला एक इंच चुकतो. तुम्ही पाठोपाठची पानं एकमेकांवर ठेवून मोजा, बरोबर एक-एक इंचाचा फरक निघेल. जुन्या मॉडेलांत मागं किंवा झाकणाखाली बारीक डिप स्विच असतात, त्यातला एक पानाच्या लांबीचा असतो. नव्यांत बटणांनी सेटिंग करतात. स्विच प्रिंटर बंद असताना बदला, कारण तो चालू होतानाच ते वाचले जातात. मग कागदाची घडी जागेवर आणून प्रिंटर चालू करा. चालू होताना कागद जिथं असेल तिथंच पानाचं डोकं, असं तो धरतो.

पट्टीसाठी १० बाय ६ चा कागद असेल तर ३६ ओळी. अशी अर्धी पानं प्रोग्रॅममधनंच सांगितलेली बरी.


फॉक्सप्रोवाला

ती आज्ञा मी देतो. एस्केप, मोठा सी, आणि ओळींची संख्या. आकड्यांत २७, ६७, ३६. इंचांत सांगायचं तर २७, ६७, ०, ६. एक धोका लक्षात ठेवा. पुष्कळ प्रोग्रॅम दर बिलाच्या सुरुवातीला २७, ६४ पाठवतात. ती रिसेटची आज्ञा, ती मिळाली की पानाची लांबी परत मूळ सेटिंगवर जाते. म्हणून क्रम असा : आधी रिसेट, मग लांबी, मग मजकूर. उलटा क्रम असेल तर विश्रामबागकर ताईंच्यासारखाच त्रास सुरू होतो आणि स्विच कितीही बदला, जात नाही.

बारीक अक्षरासाठी १५ हा आकडा पाठवायचा, परत साध्यावर यायला १८. ऐंशी कॉलमच्या प्रिंटरवर बारीक अक्षरात १३२ कॉलमचा रिपोर्ट आरामात बसतो, मोठा प्रिंटर लागत नाही. फक्त काम झाल्यावर १८ पाठवायचा, नाहीतर पुढच्याची पट्टीही मुंगीच्या अक्षरात निघते.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न : नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट (प्रिंटरची जुनी रुंद केबल लावायची जागा) नाहीच. यूएसबी ते पॅरलल केबल मिळते आणि विंडोजमधनं छान चालते. पण ती केबल म्हणजे एलपीटी (डॉसमधलं पॅरलल पोर्टचं नाव) नव्हे. डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी १ शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. त्यात ६४ बिटी विंडोजवर सोळा बिटी प्रोग्रॅम चालतच नाहीत. आमच्याकडं मी प्रोग्रॅम व्हीडॉसमध्ये, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवतो, ते एलपीटीला गेलेला मजकूर पकडून विंडोजच्या प्रिंटरकडं देतो. डॉसबॉक्स-एक्स या तशाच सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे. विंडोजमध्ये प्रिंटर "जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली" म्हणून बसवा, म्हणजे आज्ञा आहेत तशा पोचतात.

टॅलीवाल्यांनी प्रिंटच्या वेळी "डॉट मॅट्रिक्स" फॉरमॅट निवडावा. "नीट" मोडमध्ये पानाचं चित्र जातं, प्रिंटर रांगतो आणि हेड तापतं. हेड फार तापलं की आतला सेन्सर ते ओळखतो आणि प्रिंटर स्वतःहून हळू होतो किंवा थांबतो. लोकांना वाटतं बिघडला.

काय चाललंय ते कळेनासं झालं तर हेक्स डंप घ्या. अनेक मॉडेलांत दोन्ही बटणं दाबून चालू केला की कॉम्प्युटरकडनं आलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा छापला जातो. दोष प्रोग्रॅमचा का प्रिंटरचा, हे एका पानात मिटतं.


पेठेतला_कारागीर

वरच्याला जोडून : पॅरलल केबल प्रिंटर किंवा कॉम्प्युटर चालू असताना लावू-काढू नका. पोर्टची चिप अशानंच जाते. दोन्हींचे प्लग एकाच स्विचबोर्डवर, चांगल्या अर्थिंगच्या. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचे ढग आले की प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.


गावदप्तर

मराठीत प्रिंट काढायचं कुणी बोललं नाही. आम्हाला दाखले, नोटिसा मराठीत लागतात. नऊ पिनीवर काढलं तर अनुस्वार आणि रफार एकमेकांत जातात, दुरुस्त करता येईल का?


मिरज_जंक्शन

हा दोष दुरुस्तीचा नाही, पिनांच्या संख्येचा आहे. नऊ पिनांत दोन पिनांमधलं उभं अंतर एका इंचाचा ७२ वा भाग. इंग्रजी अक्षराला सात ठिपक्यांची उंची पुरते. आपल्याला शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, हे सगळं एकाच ओळीत बसवायचं असतं. चोवीस पिनी प्रिंटर इंचाला १८० ठिपके देतो, त्यात देवनागरी सुरेख येते. बँकांचे पासबुक प्रिंटर बहुधा चोवीस पिनी असतात.

डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरात बसवून मराठी स्क्रीनवर आणि कागदावर आणत. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, आणि इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ चं. त्या लोकांनी नऊ पिनांतनं वाचता येणारं मराठी काढलं, ते काम आजही बघण्यासारखं आहे.

नऊ पिनीच वापरायचा असेल तर अक्षर मोठं ठेवा, सोळा पॉइंटच्या खाली जाऊ नका, ओळींत अंतर सोडा, जाड ठशाचा फॉन्ट टाळा. विंडोजमधनं मराठी नेहमी चित्र म्हणूनच जातं, त्यामुळं वेळ लागणारच. नोटिसा जास्त असतील तर चोवीस पिनी घ्या. तुमच्या कामाला तोच योग्य.


गणपतीपेठ

२०१९ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. दोन प्रिंटर माळ्यावर नेता आले नाहीत. एक तसाच पडून आहे, गाळ वाळलाय. काही होईल का, का आशा सोडू?


पेठेतला_कारागीर

आशा आहे, पण आधी एक सांगतो : चालू करून बघू नका. पुरानंतर जे प्रिंटर माझ्याकडं आले त्यातले जे घरी "चालतोय का" म्हणून प्लगला लावले होते त्यांचे बोर्ड जळालेले होते. नुसते भिजलेले बरेच वाचले.

सगळे प्लास्टिकचे भाग काढा. बोर्ड आणि कनेक्टर मऊ ब्रशनं स्वच्छ पाण्यात धुवा. आश्चर्य वाटेल, पण कृष्णेचा गाळ कोरडा खरवडण्यापेक्षा धुवून काढलेला बरा. कोरडा खरवडला की बारीक रेती कनेक्टरच्या पाकळ्यांत बसते. मग अल्कोहोलनं पुसून सावलीत पंख्याखाली सुकवा, घाई नको. आत ट्रान्सफॉर्मर असेल तर तो वेगळा सुकवा, गुंडाळ्यांत ओल राहते. रॉडवर गंज असेल तर पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखडे पडले की कॅरेजचं बुश खराब होतं. तेलात भिजवलेल्या कापडानं धीरानं काढा. तेलाची नमद्याची चकती असेल ती बदलाच. डाव्या टोकाला कॅरेज ओळखणारा प्रकाशाचा सेन्सर असतो, त्याच्या खाचेत गाळ राहिला तर कॅरेज भिंतीवर आदळत राहते. ती खाच कापसाच्या काडीनं साफ करा.

हेडबद्दल खोटी आशा देत नाही. नाक गाळात होतं तर पिनांच्या भोकांत रेती गेलेली असते, तेवढं बदलावं लागेल. बाकी यंत्र उभं राहू शकतं. पेठेतच आहात, दुकानावर घेऊन या, आपण दोघं बसून उघडू.


बेदाणा

कृष्णाकाठ दादा, कारागीर काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं क्रमानं केलं. हेडचं नाक साफ केलं, बरीच शाई निघाली, पण रेघ गेली नाही. मग मल्टिमीटर लावला. नऊच्या नऊ आकडे जवळजवळ सारखे. केबल काढून वाकवत मोजली, तर एक वाहिनी वाकवली की तुटते. नवी केबल मिरजेत मिळाली. लावली, आणि ड्राफ्ट टेस्टमध्ये एचची दांडी सलग आली! मालकांना पान दाखवलं. नवा प्रिंटर रद्द झालाय. आता ही केबल परत चिरू नये म्हणून काय करू?


कृष्णाकाठ

फार बरं वाटलं वाचून!

केबल कारखान्यातनं जशी बसवली होती त्याच वळणानं बसवा. नवी केबल लावताना लोक ती थोडी ताणून क्लिपमध्ये घालतात, मग कॅरेज उजव्या टोकाला गेली की ती एकाच जागी मुडपते. प्लग काढलेला असताना कॅरेज हातानं दोन्ही टोकांना नेऊन बघा. वळण गोल राहिलं पाहिजे, कुठंही घडी पडता कामा नये, आणि केबल झाकणाला किंवा रिबनच्या कार्ट्रिजला घासता कामा नये. कनेक्टरमध्ये ती सरळ, पूर्ण खोल गेली आहे ना बघा. तिरकी बसली तर शेजारच्या दोन वाहिन्या शॉर्ट होतात आणि ड्रायव्हर जातो.

जुनी केबल टाकू नका. पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून लागेल, कारण लांबी, वाहिन्यांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर तिन्ही जुळावं लागतं. आणि कोल्ड स्टोअरेजमधला प्रिंटर आहे म्हणून सांगतो : गार खोलीतनं बाहेरच्या गरम हवेत आणला तर आत दव धरतं. आणल्यावर तासभर तसाच ठेवा, मग चालू करा.


पेठेतला_कारागीर

+१. आणि बेदाणा, त्या डॅशच्या रेषांचं तेवढं प्रोग्रॅमवाल्याला सांगाच. मधली पिन अजून शाबूत आहे तोवर.